स्ट्रिंग थिअरी करू का नको, या तुझ्या प्रश्नावर

अगं बाळा,

तुझा मेसेज परवाच वाचला, पण एवढं सगळं मोबाईलवर टाइप करायचा कंटाळा आला म्हणून आज सवडीने लॅपटॉपवर लिहितोय. एका व्हिडिओत सांगतात स्ट्रिंग थिअरी, म्हणजे सगळे कण मुळात थरथरणाऱ्या बारीक तारा आहेत हा सिद्धांत, संपली, दुसऱ्यात सांगतात याच्याइतकं सुंदर काहीच नाही, आणि तू टीवायला असताना आपण कुठल्या पार्टीतले ते ठरवायला बसलीस. एवढी घाई कशाला?

त्या भांडणात दोन प्रश्नांची खिचडी झालीय. निसर्ग खरंच असा आहे का, हा एक. आणि यातून काही हाती लागलं का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर आज कुणाकडेच नाही. प्लांक एनर्जी, म्हणजे जिथे या तारा थेट दिसाव्यात ती ऊर्जा, एलएचसी या कण आदळवणाऱ्या सगळ्यात मोठ्या यंत्राच्या ऊर्जेच्या जवळजवळ १ वर १५ शून्यं इतक्या पट आहे, तिथे थेट जाऊन बघणं तुझ्या नातवंडांच्याही नशिबात दिसत नाही. २०१२ ला तिथे हिग्ज हा कण सापडला, पण सुपरसिमेट्रीचे, म्हणजे प्रत्येक कणाला एक जोडीदार कण असतो या कल्पनेतले, जे कण दिसतील अशी बऱ्याच जणांना आशा होती ते अजून नाहीत. वर या थिअरीत शक्य असलेल्या विश्वांचा आकडा १० चा ५०० वा घात वगैरे सांगतात, मग भाकीत करायचं तरी कशाचं? टीका करणाऱ्यांचं हे म्हणणं मला पटतं, आणि त्यांना जळकुकडे म्हणून उडवून लावणारे मला अजिबात आवडत नाहीत.

आता दुसरा प्रश्न. क्विंटिक नावाची एक आकृती आहे, पाचव्या घाताच्या समीकरणातून येणारी. तिच्यावर सरळ रेषा किती बसतात, तर २८७५, हे एकोणिसाव्या शतकातच माहीत होतं. डिग्री २ चे वक्र ६०९२५०, हे १९८६ मध्ये शेल्डन कॅट्झने काढलं. डिग्री ३ ला गाडी अडली, आणि १९९१ मध्ये कँडेलास आणि त्याच्या सोबतच्या फिजिक्सवाल्यांनी स्ट्रिंग थिअरीतून आलेली मिरर सिमेट्री वापरून, म्हणजे ती अवघड मोजणी सोडून आकृतीच्या जोडीदारावर वेगळंच आणि सोपं गणित करून, आकडा दिला ३१७२०६३७५. नॉर्वेच्या एलिंग्सरूड आणि स्ट्रोमे या गणितज्ञांचा कॉम्प्युटर म्हणत होता २६८२५४९४२५. फिजिक्सवाल्यांकडे प्रूफ नाही काही नाही, त्यामुळे फिजिक्सवालेच चुकले असणार असं कुणालाही वाटेल, पण थोड्याच दिवसांत नॉर्वेवाल्यांना आपल्या प्रोग्रॅममध्येच चूक सापडली आणि दुरुस्त केल्यावर आकडा आला तोच, ३१७२०६३७५! रीतसर प्रूफ नंतर काही वर्षांनी आलं. यावरून विश्व तारांचं बनलंय हे सिद्ध होत नाही हं, पण हे सगळं हवेतलं आहे असंही मग कुणी म्हणू नये.

१९९६ चं स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांचं ब्लॅक होलच्या एन्ट्रॉपीचं, म्हणजे आतल्या शक्य रचना किती ते स्ट्रिंग थिअरीने मोजण्याचं, कामही तसंच. हिशोब हॉकिंगच्या सूत्राशी चोख जुळला, फक्त ती ब्लॅक होल्स पाच मितींमधली, आकाशात दिसतात ती नव्हेत. व्हिडिओवाले दोन्हीपैकी सोयीची तेवढीच गोष्ट सांगतात.

मग तू काय करायचं? सध्या स्ट्रिंगचं नावच काढू नकोस. क्लासिकल मेकॅनिक्स आणि क्वांटम इतकं पक्कं कर की जॅमचा, म्हणजे एमएस्सी प्रवेशाचा, पेपर हसत सुटला पाहिजे, मग एमएस्सीत जनरल रिलेटिव्हिटी, ग्रुप थिअरी, क्वांटम फील्ड थिअरी. उद्या तू कंडेन्स्ड मॅटरला गेलीस किंवा शुद्ध गणिताला, तरी यातलं काही वाया जात नाही. पीएचडीचा गाईड निवडताना मात्र तो कुठल्या पार्टीतला हे बघू नकोस, त्याचे आधीचे विद्यार्थी आज कुठे आहेत आणि कशावर काम करतात ते विचार, कारण या विषयात पर्मनंट जागा कमी आहेत आणि पोस्टडॉकवर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या नोकऱ्या, करत फिरावं लागतं, हे घरी आत्ताच सांगून ठेव. नाशिकमधून काय होणार म्हणणाऱ्या तुझ्या मामाला सांग, अशोक सेन यांनी अलाहाबादच्या संस्थेत बसून स्ट्रिंग थिअरीत जगाने वाचलेलं काम केलं आणि २०१२ ला फंडामेंटल फिजिक्स प्राइजच्या पहिल्या यादीत एडवर्ड विटन या स्ट्रिंग थिअरीतल्या दिग्गजाच्या शेजारी त्यांचं नाव होतं. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेची लेक्चर्स युट्यूबवर फुकट आहेत, पण नुसती बघू नकोस, व्हिडिओ थांबवून पुढची ओळ स्वतः काढायची.

रविवारी सकाळी गंगापूर रोडला घरी ये. हार्मोनिक ऑसिलेटर लॅडर ऑपरेटर्सनी पूर्ण सोडवून आण, वहीत, पेनाने. मिसळ मी मागवतो.

तुझे सर