ठिकाण दाखवताना : वाचकांचे प्रश्न

मराठवाड्यात हिंडून त्याविषयी लिहिणाऱ्या आणि छायाचित्रे प्रसिद्ध करणाऱ्या वाचकांच्या पत्रांतील काही प्रश्न या अंकात घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावाजवळ दगडी बांधणीची एक जुनी बारव आहे. आत देवकोष्ठे (मूर्ती ठेवण्याचे कोनाडे) आणि काही सुट्या मूर्ती आहेत. तिच्यावर मी सचित्र लेख लिहिला आहे, मात्र नेमका पत्ता द्यावा की नाही यावरून आम्हा मित्रांत दोन तट पडले आहेत. (एक वाचक, परभणी जिल्हा)

उत्तर : पत्ता द्यावा, परंतु गावाशी बोलल्यानंतर द्यावा. पत्ता लपवला की वास्तू वाचते, हा समज आपल्याकडील बारवांच्या बाबतीत फारसा खरा ठरत नाही. नळयोजना आणि बोअर आल्यापासून बहुतेक बारवांचे पाणी शेंदणे थांबले, आणि वापर थांबल्यावर तेथे आधी गाळ, मग झुडपे आणि शेवटी गावचा कचरा जमा होत गेला. त्या बुजल्या त्या परगावच्या पाहुण्यांमुळे नव्हे, तर त्यांच्याकडे कोणीच पाहिनासे झाले म्हणून. आपल्याच जिल्ह्यात, सेलू तालुक्यातील वालूर येथे, वर्तुळाकार फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. गावकऱ्यांनी ती मोकळी केली आणि आता ती पाहण्यासाठी लांबून लोक येतात. चार लोक पाहायला येऊ लागले की बारवेत कचरा टाकणाऱ्याला गावातलेच कोणी हटकते, असा माझा अनुभव आहे.

तथापि आपल्या मित्रांची भीतीही निराधार म्हणता येणार नाही. जुन्या देवळाखाली गुप्तधन असते या समजुतीपायी रात्री येऊन खोदकाम करणारे आणि सुट्या मूर्ती उचलून नेणारे लोक आहेत. म्हणून लेखात बारवेची बांधणी, पायऱ्यांची रचना आणि कोष्ठे यांचे वर्णन अवश्य करावे, पण कोणती मूर्ती सुटी आहे आणि ती कोठे ठेवली आहे, हे लिहू नये व त्या कोपऱ्याचे छायाचित्रही देऊ नये. त्याच मूर्तींची सर्व बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेली छायाचित्रे मात्र ग्रामपंचायतीत आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे द्यावीत. मूर्ती चोरीस गेली आणि पुढे कोठे सापडली, तर ती आपल्याच गावची आहे हे सिद्ध करण्यास दुसरा पुरावा क्वचितच असतो.

त्याआधी बारव गावठाणात आहे की कोणाच्या सातबाऱ्यावर, याची चौकशी करावी. ती शेतात असेल तर उभ्या पिकातून वाट पाडत येणाऱ्यांचा त्रास लेखकाला नव्हे, त्या शेतकऱ्याला होतो. गाडी कोठे लावावी, कोणाला विचारून आत जावे आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवर का उतरू नये, एवढे तरी लेखात असलेच पाहिजे. सुंदर वर्णनाच्या भरात नेमका हाच मजकूर गळतो.

प्रश्न : नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा मोठा थवा दिसला. तो कोणत्या गावाच्या बाजूला उतरतो, हे लिहायला काय हरकत आहे? बारवेचा पत्ता देता येतो, तर हाही देता यावा. (एक वाचक, पैठण)

उत्तर : हरकत आहे. बारव जागची हलत नाही आणि तिला राखायला गाव असते. थव्याला या दोन्ही गोष्टी लागू नाहीत. हिवाळ्यात जायकवाडीच्या उथळ पाण्यात उतरणारे रोहित तेथे खाण्यासाठी येतात, आणि जवळून छायाचित्र मिळावे म्हणून कोणी होडी पुढे घातली किंवा ड्रोन उडवले की सारा थवा उठतो. दिवसातून असे चार वेळा झाले, तर त्यांचे खाणे राहते आणि उडण्यातच शक्ती जाते. उन्हाळ्यात पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या बेटांची गोष्ट आणखी नाजूक आहे, कारण नदीसुरयासारखे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात आणि ती चालणाऱ्याच्या सहज लक्षात येत नाहीत. पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना उपद्रव देणे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच घातले आहे. तेव्हा ‘जायकवाडी पक्षी अभयारण्य’ एवढेच लिहावे. मोबाइलने काढलेल्या छायाचित्रात स्थळाची नोंद आपोआप होत असते, तीही प्रसिद्धीपूर्वी काढून टाकावी.

प्रश्न : अजिंठ्याला फ्लॅश लावू देत नाहीत आणि चित्रांच्या लेण्यांत फार वेळ थांबूही देत नाहीत. एका छायाचित्राने भिंतीचे असे काय बिघडते? आम्ही तर त्या चित्रांचा प्रसारच करतो. (एक वाचक, जालना)

उत्तर : अजिंठ्याची चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. कातळावर माती, भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवून केलेला गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती घडण आहे. मातीचा हा गिलावा ओलावा शोषतो आणि सोडतो. बंदिस्त लेण्यात शेकडो माणसांचा श्वास आणि घाम दिवसभर साठत राहिला की तो कातळापासून सुटू लागतो आणि त्यासोबत रंगही निघतो. म्हणूनच आत सोडायच्या लोकांची संख्या आणि वेळ यांवर बंधन आहे. एका फ्लॅशने किती हानी होते, यावर जाणकारांत मतभेद असतील. पण मनासारखे छायाचित्र मिळेपर्यंत एकेका चित्रापुढे खोळंबणारी रांग लेण्यातली दमट हवा वाढवते, याविषयी मतभेद असण्याचे कारण नाही.

प्रसाराच्या मुद्द्यावर थोडे परखड लिहितो. या चित्रांची बरीच हानी त्यांच्यावर प्रेम करणाऱ्यांनीच केली आहे. 1819 मध्ये शिकारीच्या निमित्ताने तेथे पोहोचलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली (पहिल्याच पाहुण्याने पायंडा कसा पाडला पाहा!). पुढे रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे राबून चित्रांच्या नकला केल्या, आणि त्यांतील बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत जळाल्या. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांसह आले. त्या काळात रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. निझाम सरकारने 1920 च्या सुमारास इटलीहून बोलावलेल्या तज्ज्ञांनी सुटू पाहणारा गिलावा घट्ट केला खरा, पण वर दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा पडला. तो उतरवण्याचे काम पुरातत्त्व विभागाच्या रसायनतज्ज्ञांना दीर्घकाळ पुरले.

आज या चित्रांची उत्तम छायाचित्रे भरपूर उपलब्ध आहेत, त्यामुळे आपल्या छायाचित्राशिवाय प्रसार अडणार नाही. लिहिणाऱ्याने वाचकाला उपयोगी पडेल ते सांगावे: लेणी सोमवारी बंद असतात, खासगी वाहन फर्दापूरच्या फाट्यावर ठेवून पुढे एसटीच्या बसने जावे लागते, आणि एका दिवसात सगळी लेणी उरकण्यापेक्षा पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यातील चित्रे आधी वाचून मग पाहावीत. भिंतीवर नाव कोरणारा सोबत्यांत निघालाच तर त्याला वेळीच आवरावे. संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

प्रश्न : दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातून जाताना ऊसतोडीला निघालेली कुटुंबे आणि पुढे कारखान्यांजवळ त्यांच्या कोप्या (तात्पुरत्या झोपड्या) दिसतात. मुकादमाने (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराने) परवानगी दिल्यास छायाचित्रे घेता येतील का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : मुकादमाची परवानगी ही त्या कुटुंबाची परवानगी नव्हे. नवराबायकोच्या त्या जोडीने, जिला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात, हंगामापूर्वीच उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत मुकादमासमोर ‘नको’ म्हणणे त्यांना परवडत नाही. त्यामुळे तो दूर असताना, कामाची वेळ सोडून, बाईला आणि पुरुषाला वेगवेगळे विचारावे आणि छायाचित्र कोठे छापले जाणार हे समजेल अशा शब्दांत सांगावे. लहान मुलांचे चेहरे देऊ नयेत. आपण नुसते वाटसरू असाल आणि थांबून बोलायला वेळ नसेल, तर छायाचित्र घेऊच नये.

प्रश्न : एका शेतमालकाने हुरडा पार्टीला मोफत बोलावले आहे, मुक्कामही फुकट. बदल्यात चांगले लिहावे, अशी त्याची अपेक्षा आहे. (एक वाचक, लातूर)

उत्तर : जाण्यास हरकत नाही, परंतु लेखाच्या आरंभीच, पहिल्या दोन ओळींत, जेवण आणि मुक्काम मोफत मिळाला होता हे स्पष्ट लिहावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यांतर्गत दिलेल्या मार्गदर्शनानुसार केवळ रोख रक्कमच नव्हे, तर मोफत मुक्काम, भेटवस्तू आणि सवलतदेखील उघड करावी लागते. दिशाभूल करणाऱ्या शिफारशीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ‘चांगले लिहावे’ ही अट मात्र जाण्यापूर्वीच नाकारावी. हुरडा कोवळा होता की निबर, स्वच्छतागृहात पाणी होते की नाही, उरलेल्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकच्या बाटल्या शेजारच्या ओढ्यात गेल्या का, हे सारे लिहिण्याची मोकळीक त्यांना मान्य असेल तर आमंत्रण स्वीकारावे. मान्य नसेल आणि हुरड्याचा मोह आवरत नसेल, तर माणशी जो दर असेल तो भरून जावे.