धणे आणि लेट्यूस, दोन्ही उगवले नाहीत. बियाणं खराब असेल का?

तुम्ही लिहिलंय की एप्रिलमध्ये पुण्यातल्या बाल्कनीत दोन कुंड्यांत धणे आणि लेट्यूसचं बी पेरलं, रोज दोनदा पाणी घातलं, तरी तीन आठवड्यांत एकही कोंब आला नाही. मी नाशिकला गच्चीवर गेली नऊ वर्षं पालेभाज्या बियांपासूनच लावते. माझ्या मते तुमचं बी बहुधा चांगलंच आहे.

खात्री करायची असेल तर मटकीला मोड आणतो तसंच करा. दहा धणे ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा आणि फडकं सुकू देऊ नका. पंधरा दिवसांत सहा-सात उगवले तर बी उत्तम. वाण्याकडचे धणे कधी जुने, कधी भाजलेले निघतात, म्हणून एवढी परीक्षा घ्यावीच.

एक धणा म्हणजे दोन बिया. पेरण्याआधी पोळपाटावर पसरून लाटणं हलकेच फिरवायचं, नुसते दोन भाग व्हायला हवेत, भरड नको. मग रात्रभर भिजवायचे आणि सकाळी बोटाच्या अर्ध्या पेराएवढे खोल पेरायचे. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबिरीला मात्र आठ ते पंधरा दिवस लागतात. बरेच जण आठव्या दिवशी कंटाळून माती उकरतात आणि आलेले मोड मोडतात.

लेट्यूसची गोष्ट वेगळी. ती गार हवेची भाजी. माती तीस अंशांच्या वर तापली की बी मरत नाही, पण झोपून राहतं. शिवाय त्याच्या बऱ्याच जातींना उगवायला उजेड लागतो. तुम्ही वर बोटभर माती लोटली असेल तर तिथेच अडलं. बी ओल्या मातीवर भुरभुरायचं, तळहाताने दाबायचं, वरून चिमूटभर चाळलेलं गांडूळखत, बस्स.

पाण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त रोपं पाण्यानेच जातात. नवरात्रात आपण घट बसवतो ते आठवा. मातीच्या घटातून पाणी हळूहळू झिरपतं, भोवतीची माती कायम ओलसर राहते पण चिखल होत नाही, आणि नऊ दिवसांत धान्य कसं तरारून येतं! कुंडीत हेच साधायचं. बाटलीच्या झाकणाला सुईने भोकं पाडून शिंपडा, मगाने ओतू नका. पहिल्या वर्षी माझी मेथी दाट पेरलेली होती, तिला मी दोन वेळ भरपूर पाणी दिलं आणि हाताएवढी झालेली रोपं बुंध्याशी सडून एका रात्रीत आडवी झाली. तेव्हापासून बोट मातीत घालून बघितल्याशिवाय पाणी देत नाही.

सॅलडसाठी लेट्यूसच हवं असं नाही. अळीव लावून बघा, लाडवांचे तेच. भिजवले तर बुळबुळीत गोळा होतो, म्हणून कोरडेच ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, पसरायचे. दोन-तीन दिवसांत मोड, दहाव्या दिवशी कात्रीने कापायची कोवळी पानं. चव तिखटसर, मुळ्याच्या पाल्याच्या जवळची. इंग्लंडमध्ये अंड्याच्या सँडविचमध्ये हीच पानं घालतात. मी काकडीच्या कोशिंबिरीत घालते आणि घरात दुसरं काही मागत नाहीत. मात्र गुलाबी किंवा निळा रंग दिलेलं पाकिटातलं बी अशा कोवळ्या पानांसाठी कधीच वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.

पालक लावलात तर एका बीतून दोन-तीन रोपं आलेली दिसतील. आपल्याकडचा पालक बीटाच्या कुळातला, त्याचं बी म्हणजे लहानसा झुबकाच असतो. सशक्त रोप ठेवा, बाकीची उपटून आमटीत टाका.

आत्ता जूनमध्ये माठ पेरा. बी अगदी बारीक असतं, म्हणून मूठभर कोरड्या वाळूत मिसळून टाका, आणि पावसाचा थेट मारा बसणार नाही अशा कडेला कुंडी ठेवा. मुंग्या बी पळवतात, कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवलीत तर वाचेल. कोंब आले की ताटली काढा. लेट्यूसचं उरलेलं पाकीट हवाबंद डबीत घालून फ्रीजमध्ये ठेवून द्या. दसऱ्यानंतर रात्री गार होऊ लागल्या की पेरा, आणि दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत बाहेरची पानं खुडता येतील. पुढे ऊन वाढलं की मधून दांडा वर येतो आणि पानं कडू होतात.