'ज्युनियर' नेमका कोण?

प्रश्न : मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर यांच्या नावातलं 'ल्यूथर' वडिलांचं असेल, तर पुन्हा 'ज्युनियर' कशाला? आणि धाकट्या बुश यांना ज्युनियर म्हणणं बरोबर आहे का?

उत्तर : मधलं नाव वडिलांचं, ही आपली रीत. अमेरिकेत मधल्या जागी काहीही येतं, अगदी आईकडचं आडनावसुद्धा. 'ज्युनियर' लागतो तो पहिलं नाव, मधलं नाव आणि आडनाव ही तिन्ही वडिलांचीच असतील तेव्हा. किंग यांचे वडीलही मार्टिन ल्यूथर किंगच. गंमत म्हणजे १९२९ साली मुलगा जन्मला तो 'मायकल किंग ज्युनियर' म्हणून. वडील १९३४ मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांच्या जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचं व मुलाचंही नाव बदललं. मुलाच्या जन्मदाखल्यात ही दुरुस्ती झाली थेट १९५७ मध्ये.

बुश मात्र या कसोटीला उतरत नाहीत. वडील जॉर्ज हर्बर्ट वॉकर बुश, मुलगा जॉर्ज वॉकर बुश. 'हर्बर्ट' गळला, तिथेच ज्युनियरपण संपलं. वर्तमानपत्रं सोयीसाठी लिहितात ते लिहोत. गायक फ्रँक सिनात्रा ज्युनियर हेही रंगमंचापुरतेच, कारण वडील फ्रान्सिस अल्बर्ट आणि मुलगा फ्रान्सिस वेन.

प्रश्न : नाव वडिलांचं, मग पेशाही वडिलांचाच का?

उत्तर : क्वचित. बेसबॉलपटू केन ग्रिफी बापलेक १९९० मध्ये सिअॅटल मरिनर्सकडून एकाच संघात खेळले. १४ सप्टेंबरला चाळिशीच्या बापाने होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारला आणि पाठोपाठ फलंदाजीला आलेल्या विशीतल्या मुलानेही. पण हॅरी कॉनिक सीनियर न्यू ऑर्लिन्सचे सरकारी वकील होते, तर ज्युनियर पियानोवादक आणि गायक. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी शेपर्ड, ग्लेन, शिरा आणि कूपर हे चौघे ज्युनियर. चंद्रावर उतरलेले ऑल्ड्रिनही एडविन यूजीन ज्युनियरच. 'बझ' हे घरचं नाव त्यांनी १९८८ मध्ये कायदेशीर करून घेतलं.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड तर दोनदा ज्युनियर. १९१३ मध्ये जन्मले ते लेस्ली लिंच किंग ज्युनियर. आईने दुसरं लग्न केल्यावर सावत्र वडिलांच्या नावाने जेराल्ड फोर्ड ज्युनियर झाले. १९३५ मध्ये नाव कायदेशीर करताना त्यांनी मधल्या 'रुडॉल्फ'च्या शेवटचे दोन 'एफ' काढून 'पीएच' घातलं. कडक नियम लावला तर इथेही ज्युनियरपण बुडालं असतं. देवनागरीत हा फरक दिसतच नाही.

प्रश्न : लेखात किंवा संदर्भसूचीत 'ज्युनियर' गाळला तर काय बिघडतं?

उत्तर : बापाचं काम लेकाच्या खात्यावर जातं. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांचंच बघा. वडील (१८०९–१८९४) डॉक्टर आणि कवी. बाळंतरोग डॉक्टरांच्या हातांवाटे पसरतो, हे त्यांनी १८४३ मध्येच मांडलं. मुलगा (१८४१–१९३५) अमेरिकेच्या यादवी युद्धात तीनदा जखमी झाला आणि १९०२ ते १९३२ सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होता. नुसतं 'होम्स' लिहिलंत तर न्यायमूर्तीच वैद्यकावर लिहायला बसतात. म्हणून आधी जन्मवर्ष ताडून पाहा. १८४३ मध्ये मुलगा दोन वर्षांचा होता, एवढ्यावरच निकाल लागतो. सूचीत क्रम असा ठेवा : होम्स, ऑलिव्हर वेंडेल, ज्युनियर. आडनावाला चिकटवून 'होम्स ज्युनियर, ऑलिव्हर' असं लिहू नका, वर्णानुक्रम विस्कटतो.

'दुसरा' हा आकडा बहुधा आजोबा किंवा काकांचं नाव घेतलेल्याला लागतो. बाप ज्युनियर आणि मुलाचं नावही तेच, तर मुलगा 'तिसरा'. बिल गेट्स असे तिसरे. पत्त्यातल्या तिर्रीवरून घरी त्यांना 'ट्रे' म्हणत. त्यांचे वडील खरं तर सीनियर नव्हेत, पण मुलगा इतका गाजला की लोक त्यांना 'सीनियर' म्हणू लागले.