वजन उतरेपर्यंतच्या रात्री

प्रिय चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा स्लीप स्टडीचा, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचा, अहवाल, दोन्ही सावकाश वाचले. मी डॉक्टर नव्हे. निद्रापरीक्षण कक्षात तंत्रज्ञ म्हणून बावीस वर्षे रात्रपाळी केलेला माणूस आहे. तेव्हा औषधोपचाराचा शब्द तुझ्या डॉक्टरांचा, आणि त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याचे काम माझे, एवढी वाटणी आधीच करून ठेवतो.

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडण्याचा आजार, आहे. त्यासाठी डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, लावायला सांगितले आहे, पण घरात स्थळे पाहणे सुरू असताना उशाशी यंत्र आणि तोंडावर मास्क ही कल्पनाच तुला सहन होत नाही. म्हणून तीन महिन्यांत वजन उतरवावे, घोरणे आपोआप थांबेल आणि यंत्राचा विषयच संपेल, असे तू ठरविले आहेस. यातले वजन उतरविण्याचे तू ठरविलेस ते उत्तम केलेस. ‘आपोआप’ आणि ‘विषयच संपेल’ या दोन शब्दप्रयोगांविषयी मात्र मला बरेच सांगायचे आहे.

आधी वजनाचा आणि श्वासाचा संबंध कुठे येतो ते पाहू. जागेपणी जीभ, टाळू आणि घशाच्या भिंती यांचे स्नायू ताठ असतात. झोप लागली की ते सैलावतात. घसा मुळात रुंद असेल तर या सैलपणाने काही बिघडत नाही. पण मानेत, घशाच्या दोन्ही बाजूंना आणि जिभेतही चरबी साठलेली असेल, तर वाट आधीच अरुंद झालेली असते आणि स्नायू सैल पडताच ती मिटते. जिभेत चरबी साठते हे वाचून तुला आश्चर्य वाटेल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी वजन उतरविण्याच्या आधी आणि नंतर अशा एमआरआय प्रतिमा ताडून पाहिल्या, तेव्हा श्वास सुधारण्यामागे जिभेतली चरबी कमी होणे हे सर्वांत मोठे कारण दिसले. ते निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे कारण पोटाचे. आडवे झाल्यावर सुटलेले पोट श्वासपटलाला वर ढकलते, फुप्फुसात हवा कमी मावते आणि फुप्फुसांच्या ओढीने घशाच्या नळीला जो ताण मिळतो तोही ढिला पडतो. पाठीवर झोपल्यावर तुझ्या अहवालातल्या आलेखात श्वास अडल्याच्या खाचा दाट होतात, त्याचे बरेचसे उत्तर इथे आहे.

आता आकड्यांकडे वळू. तुझा एएचआय ३४ आहे, म्हणजे दर तासाला सरासरी ३४ वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबतो किंवा बराच उथळ होतो. ५ पर्यंत ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या पुढे तीव्र, अशी विभागणी आहे. सहा तासांची झोप धरली तर रात्रीतून सुमारे दोनशे वेळा हे घडते. शिवाय तुझी चाचणी घरी झाली आहे. त्या छोट्या यंत्राला तू प्रत्यक्ष किती वेळ झोपला होतास हे कळत नाही, ते नोंदीच्या संपूर्ण वेळाने भागाकार करते. त्यामुळे खरा आकडा छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त असू शकतो, कमी असण्याची शक्यता थोडी.

वजन किती उतरले म्हणजे हा आकडा किती उतरतो, याचा सर्वांत जास्त सांगितला जाणारा हिशेब अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या एका दीर्घ पाहणीतून आला आहे. तिथल्या सुमारे सातशे प्रौढांची चार वर्षांच्या अंतराने झोप तपासली गेली आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वजन १० टक्क्यांनी घटले तर एएचआय सरासरी २६ टक्क्यांनी घटतो आणि १० टक्क्यांनी वाढले तर ३२ टक्क्यांनी वाढतो. हे गणित तुझ्यावर लावून पाहू. तुझे वजन ९६ किलो, त्यातले साडेनऊ किलो उतरले असे धरू. ३४ मधून २६ टक्के गेले म्हणजे राहिले २५. ही सुधारणा खरी आहे आणि ती तुला सकाळी उठल्यावर जाणवेलही. पण २५ हा आकडा मध्यम गटातला आहे, तो नॉर्मल नव्हे. याउलट येत्या दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत वजन तितकेच वाढू दिलेस, तर हाच आकडा ४५ च्या घरात जाईल.

ही सरासरी आहे हे विसरू नकोस. सरासरीच्या दोन्ही बाजूंना माणसे असतात. मधुमेह आणि स्थूलपणा असलेल्या २६४ जणांवर अमेरिकेतच झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, आहार आणि व्यायामाचा काटेकोर कार्यक्रम पाळणाऱ्या गटाचे वजन वर्षभरात सरासरी १०.८ किलोंनी उतरले. त्या गटातील १३.६ टक्के लोकांचा स्लीप ॲप्निया पूर्ण नाहीसा झाला. नुसते मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३.५ टक्के होते. तू याला अपयश म्हणशील की यश, हे तुझ्या अपेक्षेवर अवलंबून आहे. मला त्याहून मोलाची वाटते ती त्याच अभ्यासातली पुढची नोंद: चार वर्षांनी त्या लोकांचे निम्मे वजन परत आले होते, तरीही श्वासातली सुधारणा बरीच टिकून होती. वजन थोडे परत आले की सगळे मुसळ केरात, असे समजून लोक प्रयत्नच सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

वजनाने सगळेच सुटत नाही, कारण घसा केवळ चरबीने अरुंद होत नाही. आमच्या कक्षात एकदा एक शिक्षिका आल्या होत्या, अंगाने काटकुळ्या. त्यांना श्वास नोंदणारा बेल्ट बांधताना मला वाटले की यांना इथे कशाला पाठविले असेल. पहाटेपर्यंत त्यांचा आलेख पाहून माझी मला लाज वाटली. त्यांची हनुवटी मागे गेलेली होती आणि जबडा लहान होता, त्यामुळे जिभेला मागे सरकण्यावाचून जागाच नव्हती. आशियाई लोकांमध्ये चेहऱ्याच्या हाडांची ठेवण अशी असण्याचे प्रमाण जास्त असल्यामुळे तुलनेने कमी वजनावरही हा आजार होतो. भारतीयांसाठी स्थूलपणाची रेषा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ वर आणि पुरुषांच्या कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटरवर ओढली आहे, ती मुख्यतः मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्यामुळे, पण तुझ्यासारख्याने तीच रेषा समोर ठेवावी. तुझा बीएमआय ३३ आहे. शिंप्याकडचा टेप घेऊन गळ्याचाही घेर मोज. पुरुषांमध्ये ४३ सेंटिमीटरच्या आसपास किंवा पुढे घेर गेला की धोका वाढलेला धरतात. दर महिन्याला हा आकडा लिहून ठेव. वजनकाट्यापेक्षा शर्टाचे वरचे बटण अनेकदा अधिक प्रामाणिक असते.

तीन महिन्यांच्या बेताविषयी. आठवड्याला अर्धा किलो हा टिकणारा वेग मानला, तर साडेनऊ किलोंना साडेचार महिने लागतील. घाई करून उपाशी राहिलास तर स्नायू झिजतील, आणि ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हा आपल्याकडचा अनुभव तर जुनाच आहे. पण वेग हा माझा मुख्य आक्षेप नाही. तीन महिन्यांत सुमारे नव्वद रात्री येतात. रात्रीला दोनशे म्हणजे जवळजवळ अठरा हजार वेळा श्वास अडणार, प्रत्येक वेळी प्राणवायू खाली जाणार, मेंदू दचकून जागा होणार आणि रक्तदाब उसळी घेणार. तुझ्या अहवालात रक्तातील प्राणवायूची सर्वांत खालची पातळी ७८ टक्के नोंदली आहे. आणि अशा मोडक्या झोपेवर वजन उतरविणेही कठीण जाते: झोप अपुरी झाली की भूक वाढते, गोड आणि तळलेल्याकडे हात जातो, संध्याकाळी चालायला जाण्याचे त्राण उरत नाही. ज्या अडचणीवर मात करण्यासाठी वजन उतरवायचे, तीच अडचण वजन उतरू देत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की मास्क आज लाव आणि वजन आजपासून उतरव. वजन उतरल्यावर मास्क लागणार नाही या आशेवर आजचा मास्क पुढे ढकलू नकोस.

यंत्राची उलटी बाजूही सांगायला हवी. केवळ सीपॅपने वजन उतरत नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या तेव्हा यंत्र वापरणाऱ्यांचे वजन किंचित वाढलेलेच आढळले. रात्रभर श्वासासाठी चाललेली झटापट थांबते, तिच्यात जाणारी शक्ती वाचते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण सांगतात. तेव्हा झोप सुधारली, ताजेतवाने वाटू लागले, म्हणून ताटाकडे दुर्लक्ष करायचे नाही. ताटाविषयी मी फार लिहीत नाही, तुझ्या आईला ते माझ्यापेक्षा जास्त कळते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी उरकावे आणि त्यात भातापेक्षा उसळ, भाजी, ताक यांना जास्त जागा द्यावी. मद्य घेत असशील तर निदान रात्री ते पूर्ण टाळ, कारण त्याने घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. झोपेच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नकोस.

इंजेक्शनाचे तू विचारले आहेस. टिर्झेपॅटाइड या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये स्थूल व्यक्तींच्या मध्यम आणि तीव्र स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. तासाला सरासरी पन्नासच्या आसपास एएचआय असलेल्या ४६९ जणांवर वर्षभर चाचण्या झाल्या. औषध घेणाऱ्यांचा आकडा सरासरी २५ ते २९ ने उतरला, तर नुसते पाणी टोचलेल्यांचा सुमारे ५ ने. भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये मधुमेह आणि वजन यांसाठी आले. परिणाम मोठा आहे, खर्चही मोठा आहे, आणि औषध थांबविल्यावर वजन परत येण्याकडे कल असतो. ते तुला योग्य आहे का, हे तज्ज्ञांनी ठरवायचे. मित्राने घेतले म्हणून ते घेऊ नये.

वजन उतरत जाईल तसतसे यंत्राचेही बदलेल, आणि हे कोणी सहसा सांगत नाही. गाल उतरले की जुना मास्क नाकाच्या बाजूने हवा सोडू लागतो. लोकांना वाटते यंत्र बिघडले, आणि ते कपाटात जाते. अशा वेळी मास्कचा आकार बदलून घ्यावा. तसेच आधी ठरविलेला दाब आता जास्त होऊ शकतो. पोटात हवा भरल्यासारखे वाटणे, सकाळी ढेकर येणे ही त्याची लक्षणे. पाच-सहा किलो उतरले की यंत्रातली नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दाब तपासून घे. आणि दहा टक्के वजन उतरून ते काही आठवडे स्थिर राहिले की पुन्हा स्लीप स्टडी करून घे, यंत्र न लावता. घोरणे थांबले हा पुरावा मानू नकोस. घोरण्याचा आवाज कमी होऊनही श्वास अडत राहिलेले पुष्कळ आलेख मी पाहिले आहेत. मनगटी घड्याळावरचा झोपेचा गुणांकही त्या चाचणीची जागा घेऊ शकत नाही.

स्थळांविषयी एवढेच लिहितो की यंत्राचा आवाज पंख्याहून कमी असतो आणि तुझ्या घोरण्याहून तर कितीतरी कमी. लग्नाआधी ही गोष्ट मोकळेपणाने सांगावी. पहिल्या आठवड्यात मास्क संध्याकाळी टीव्ही पाहताना तासभर लावून बस, म्हणजे रात्री गुदमरल्यासारखे वाटणार नाही. नाक कोरडे पडले तर यंत्राला ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारे उपकरण, लाव.

शनिवारी येतोस असे लिहिले आहेस. तोवर यंत्र लावायला लागला असशील तर येताना त्याच्या नोंदींचे मेमरी कार्ड घेऊन ये, आपण बसून पाहू. आणि दिवसा सिग्नलला थांबल्यावर डुलकी लागते असे तूच लिहिले आहेस, तेव्हा उपचार नीट सुरू होऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत एक्सप्रेसवेवर गाडी चालवायची नाही. त्याऐवजी आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी डेक्कन क्वीनने ये, मी स्टेशनवर असेन.

तुझा,
काका