शुक्रवार पेठ आणि तुझे पार्सल

चिरंजीव बाळास,

अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या आजीच्या दिवाळीच्या पार्सलवर तू स्वतः पत्ता लिहिलास, याचे मला कौतुक वाटले. तो वाचताना मात्र मी थबकले, कारण ‘शुक्रवार पेठ’ याचे तू सरळ भाषांतर करून ‘फ्रायडे पेठ’ असे लिहिले होतेस. खाली एका चिठ्ठीवर प्रश्नही होता : “आजीकडची दुकाने फक्त शुक्रवारी उघडतात का? आणि मग सदाशिव हा कोणता वार?” जेवताना दोन वाक्यांत उत्तर देऊन प्रश्न उरकावा असे मला वाटले नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी ‘पेठ’ म्हणजे काय ते सांगते. पेठ म्हणजे व्यापारासाठी वसवलेली वस्ती. राज्यकर्ता एखाद्या माणसाला पेठ वसवण्याची परवानगी देई, तो माणूस वाणी, सोनार, कोष्टी, तांबट यांना बोलावून जागा देई, सुरुवातीची काही वर्षे त्यांना करात सूट मिळे आणि पेठेच्या कारभारासाठी शेटे आणि महाजन नेमले जात. आजीची शुक्रवार पेठ पेशव्यांच्या काळात जिवाजीपंत खासगीवाले यांनी अशीच वसवली. त्या जागेचे पूर्वीचे नाव विसापूर होते. ज्या पेठेत ज्या वारी बाजार भरे, त्या वाराचे नाव तिला मिळाले असे सांगतात. गावाकडे आजही आठवड्याचा बाजार ठरलेल्या वारीच भरतो, तेव्हा ही रीत तुझ्या मामांना मुळीच नवलाची वाटणार नाही. पुण्यात आता बहुतेक दुकाने जवळजवळ रोज उघडी असतात. दुपारी मिटतात, हा भाग वेगळा. आपल्या टोरांटोतल्या किंग आणि क्वीन स्ट्रीटवर तरी कुठे राजा-राणी राहतात?

साती वारांच्या सात पेठा पुण्यात आहेत आणि त्यांपैकी बहुतेकींना आधी वेगळी नावे होती. रविवार पेठ म्हणजे जुने मलकापूर, शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, आणि बुधवार पेठेला औरंगजेबाच्या काळात मोहियाबाद म्हणत. गुरुवार पेठ ही वेताळाच्या देवळामुळे वेताळ पेठ म्हणून ओळखली जाई. कसबा पेठ या सगळ्यांहून जुनी आहे. जिजाबाई लहानग्या शिवाजीराजांना घेऊन पुण्यात आल्या तेव्हा पुणे म्हणजे जवळजवळ तेवढेच होते, आणि तिथला कसबा गणपती हा आजही शहराचा ग्रामदैवत आहे. शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्याची तर पायाभरणीही शनिवारीच झाली, १० जानेवारी १७३० रोजी, आणि वास्तुशांतही शनिवारीच, २२ जानेवारी १७३२ रोजी.

आता तुझा सदाशिव. सात वार संपले आणि शहर वाढतच राहिले, तेव्हा नव्या पेठांना माणसांची नावे मिळाली. सदाशिवराव भाऊ हे चिमाजीअप्पांचे पुत्र; १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर ते गेले आणि त्यांच्या नावाने सदाशिव पेठ झाली. नारायण पेठेचे नारायणराव हे पेशवे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यातच त्यांचा खून झाला, तेव्हा ते जेमतेम अठरा वर्षांचे होते. ‘काका, मला वाचवा’ ही त्यांची हाक आजी तुला सांगेलच. फक्त रात्री सांगू नये, असे मी तिला कळवले आहे. या दोन पेठा अगदी शेजारी-शेजारी आहेत. भाजी आणायला एकीतून दुसरीत जाणाऱ्या माणसाला आपण दोन अकाली मृत्यूंच्या मधून चाललो आहोत याची जाणीव नसते, आणि लहानपणी मलाही नव्हती. नाना पेठ नाना फडणविसांची आणि रास्ता पेठ रास्ते सरदारांची, एवढे सध्या पुरे.

भाजीवरून आठवले. आजीचे घर ज्या मंडईच्या मागे आहे तिची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. पूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या मोकळ्या पटांगणात भरत असे. पुढे शुक्रवार पेठेत मध्ये उंच मनोरा असलेली अष्टकोनी दगडी इमारत बांधली आणि १८८६ मध्ये गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने तिला रे मार्केट म्हणू लागले. जोतीराव फुले तेव्हाच्या नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी या इमारतीवरच्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. नंतर आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्या इमारतीला नाव मिळाले ते महात्मा फुले मंडई. फुल्यांनी हे ऐकून काय म्हटले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. आजी मात्र तिला ना रे मार्केट म्हणते ना फुले मंडई. ती नुसते “मंडईत जाऊन येते” म्हणते. मागच्या खेपेस तू तिच्याबरोबर गेली होतीस. गाळ्यावर उंच मांडी घालून बसलेल्या मावशींनी मेथीची जुडी तुझ्या हातात दिली आणि वर कोथिंबिरीच्या चार काड्या फुकट टाकल्या, ती हीच इमारत.

पुण्यात नाव कोणी दिले याला फार महत्त्व नाही. लोकांच्या तोंडी जे बसले तेच चालते. मुठेवरच्या एका पुलाचे अधिकृत नाव छत्रपती संभाजी पूल आहे. कॉलेजात असताना शहाणपणा म्हणून मी रिक्षावाल्याला तेच नाव सांगितले. त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “म्हणजे लकडी पूल ना, ताई?” मूळचा लाकडी पूल कधीच गेला, आताच्या पुलात लाकडाचा तुकडाही नाही, पण नाव लकडीच. देवांचेही तसेच आहे. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती ही खरीखुरी देवळे आहेत आणि लोक तिथे मनोभावे हात जोडतात. एक हलवाई मारुतीला जिलब्यांची माळ घालत असे म्हणून तो जिलब्या मारुती, असे सांगतात. मी सहा वर्षांची असताना तिथे प्रसादाला जिलबीच मिळणार या आशेने गेले होते. हातावर साखरफुटाणे पडले आणि मी देवळातच भोकाड पसरले.

आणखी एक नाव तुझ्यासाठी राखून ठेवले आहे, ते म्हणजे बाहुलीचा हौद. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळाने शहरात पाणी आणले आणि पेठांमधल्या हौदांत ते खेळवले. पुढे डॉक्टर विश्राम रामजी घोले यांनी आपल्या वारलेल्या लहान मुलीच्या, काशीबाईच्या, आठवणीसाठी एक हौद बांधला. त्यावर मुलीचा पुतळा होता, म्हणून लोक त्याला बाहुलीचा हौद म्हणू लागले. ज्या काळात अनेकांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नसे, त्या काळी हा हौद सर्वांसाठी खुला होता. पुढच्या खेपेस आजीला त्याच्याविषयी विचार. बाकीचे मी मुद्दाम सांगत नाही.

तर पत्त्यातले ‘फ्रायडे’ मी खोडले आणि वर तुझ्या हस्ताक्षराला शोभेल असे ‘शुक्रवार’ लिहिले. त्यासाठी तू रागावू नकोस. आजीला तुझे ते फ्रायडे फार आवडेल, म्हणून रेघ एकच आणि बारीक मारली आहे, खालचे अक्षर दिसते. पार्सल आज टपालात पडले. ते पोहोचल्यावर आजी फोन करेल, तो कोणत्या वारी येतो ते स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेव.

तुझी,
आई