ब्राउझर भलत्याच पत्त्यावर जातो तेव्हा

प्रश्न: हॉटेलच्या वाय-फायला जोडलं की कुठलीही साइट उघडा, आधी १०.०.०.१ असा पत्ता येतो. फोन हॅक झालाय का?

उत्तर: बहुतेक वेळा ते तिथलं लॉगिनचं पान असतं. १०, १९२.१६८ किंवा १७२.१६ ते १७२.३१ ने सुरू होणारे पत्ते खासगी, त्या जागेच्या नेटवर्कपुरतेच चालणारे. खोली क्रमांक, ओटीपी इथवर ठीक. ईमेलचा पासवर्ड किंवा कार्डाचा पिन मागितला, तर लगेच वाय-फाय तोडा.

प्रश्न: माझ्याच लॅपटॉपवर अँटिव्हायरसची साइट उघडत नाही. पिंग केलं (साइट कुठल्या पत्त्यावर आहे ते तपासलं) तर १२७.०.०.१ दिसतो.

उत्तर: तो पत्ता तुमच्याच लॅपटॉपचा. विंडोजमधली 'होस्ट्स' फाइल, म्हणजे कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं याची लॅपटॉपमधली यादी, नोटपॅडमध्ये उघडा. # नसलेल्या ओळीत त्या साइटचं नाव दिसलं, तर कुणीतरी मुद्दाम वाट अडवली आहे. मालवेअरची, म्हणजे घातक सॉफ्टवेअरची, ही जुनी खोड. ओळ काढा, पण आधी पूर्ण स्कॅन करा, नाहीतर ती पुन्हा उगवेल.

प्रश्न: घरात सगळ्यांच्या फोनवर बँकेची साइट उघडताना 'कनेक्शन खासगी नाही' असा इशारा येतो, इतर काही साइट अनोळखी आकड्यांच्या पत्त्यावर जातात. मोबाइल डेटावर सगळं सुरळीत.

उत्तर: मग संशय राउटरवरच. साइटच्या नावावरून आयपी पत्ता सांगतो तो डीएनएस. राउटरमध्ये तोच बदलला, तर नाव अचूक टाइप करूनही तुम्ही ठगांच्या पानावर पोहोचता. 'डीएनएसचेंजर' मालवेअर हेच करायचं. नोव्हेंबर २०११ मध्ये एफबीआयने ती टोळी उघड केली, पण बाधित संगणकांचं नेट एकदम बंद पडू नये म्हणून ९ जुलै २०१२ पर्यंत टोळीच्या डीएनएस सर्व्हरच्या जागी स्वच्छ सर्व्हर चालवावे लागले.

राउटरच्या स्टिकरवरचा पत्ता उघडून डीएनएसचा रकाना बघा. तिथले आकडे इंटरनेटवाल्याला फोन करून पडताळा. ते त्याचे नसतील आणि तुम्हीही टाकलेले नसतील, तर फॅक्टरी रीसेट करा. त्याआधी कनेक्शनचं यूजरनेम-पासवर्ड लिहून घ्या, नाहीतर नेट सुरूच होणार नाही. नंतर फर्मवेअर (राउटरमधलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट (बाहेरून राउटर हाताळायची सोय) बंद ठेवा.

तो इशारा ओलांडून कुणी पासवर्ड टाकला होता का, हे घरात आजच विचारा. टाकला असेल तर मोबाइल डेटावरून तो बदला, बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.