गावतलाव सगळाच खोल केला तर पक्षी येतील का?

तुमच्या खटाव तालुक्यातल्या गावात तलाव आटला की पोकलेन लावून तो पूर्ण खोल करायचा आणि चारी बाजूंनी दगडी पिचिंग करायचं घाटतंय, त्याने पक्ष्यांचं काय होईल, असं तुम्ही विचारलंय. मी याच भागातला. मायणी, येरळवाडीच्या तलावांवर थंडीत पक्षी बघायला कायम जातो, म्हणून लिहितोय.

गाळ जरूर काढा, रानात तो सोनंच आहे. पण सगळा तलाव सारखा खोल करू नका.

जानेवारीत सकाळी येरळवाडीच्या काठाला जाऊन बघा. ओल्या चिखलावर तुतवार पळत असतात, घोटाभर पाण्यात शेकाटे, त्यापुढे फ्लेमिंगो मान उलटी करून चोचीने चिखल गाळत असतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब काठच्या गवतात चरतात. हे सगळं चालतं ते उथळ पाण्यात. उभ्या काठाच्या खोल तलावात पाणकावळे बुड्या मारतील, बाकीच्यांना पाय टेकायला जागा राहणार नाही.

आणि हे नुसतं पक्ष्यांपुरतं नाही. ओढा तलावात शिरतो तिथली पाणकणसं आणि लव्हाळी पाण्याचा जोर मोडतात, माती तिथंच बसते. ती खरवडली की गाळ थेट बांधापर्यंत येणार, म्हणजे काढलेला गाळ लवकरच पुन्हा भरणार. उसाच्या रानातून वाहून आलेला युरियाही ही झाडं आणि चिखलातले जिवाणू बराचसा जिरवतात.

कायद्याचा आधार मात्र तोकडा आहे. पाणथळ जागा जपण्यासाठीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांतून पिण्यासाठी आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव वगळलेत, आणि आपल्या दुष्काळी पट्ट्यातले बहुतेक तलाव तसेच आहेत. मला हे अन्यायाचं वाटतं, कारण पक्षी तलाव कशासाठी बांधला हे बघून उतरत नाहीत. म्हणजे निर्णय शेवटी ग्रामसभेतच होणार.

तिथं एवढंच मागा: गाळ बांधाकडच्या भागातून काढा, मुरूम लागला की थांबा, ओढ्याकडचा उथळ भाग आहे तसा ठेवा, पिचिंग फक्त बांधाच्या भरावाला करा. पाणी ओसरल्यावर त्या उथळ भागात गाळपेर करणारे शेतकरी असतील, तर सभेआधी त्यांना भेटा. सरसकट खोलीकरणात त्यांचीही गाळपेर जाणार आहे, हे बहुतेकांच्या अजून ध्यानात आलेलं नसतं.